सुपरवायझर होण्याआधीची शाळा

कारखान्यात बढतीची यादी नोटीस बोर्डावर लागली की पेढे येतात, पाठीवर थापा पडतात आणि आठवडाभर कँटीनमध्ये तोच विषय असतो. यादीत बहुधा अशा माणसाचं नाव असतं, ज्याचा हात शॉपमध्ये सगळ्यांत चांगला चालतो. पंधरा वर्षं मशीनवर काढलेली, जॉब नापास होणं माहीत नाही, खाडा नाही, कोणाशी भांडण नाही. अशा माणसाला सुपरवायझर केलं तर त्यात वावगं ते काय, असं कोणीही म्हणेल.

मग तीन-चार महिने जातात आणि त्याच कँटीनमध्ये वेगळं ऐकू येऊ लागतं. "माणूस चांगला होता हो, पण सुपरवायझर झाला आणि बिघडला." वरचे साहेब म्हणतात, "याला माणसं सांभाळता येत नाहीत." घरी बायको म्हणते, "तुमचं मशीनच बरं होतं, रात्री झोप तरी लागायची." कंपनीचं तर दुहेरी नुकसान होतं. हातातला उत्तम कारागीर जातो आणि त्याच्या बदल्यात एक त्रासलेला सुपरवायझर मिळतो.

पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी ३४ वर्षं नोकरी केली. आधी मशीनवर, मग सुपरवायझर म्हणून आणि शेवटची काही वर्षं प्रशिक्षण विभागात. अशी उदाहरणं मी बरीच पाहिली आणि माझं मत असं झालं, की माणूस बिघडत नाही, त्याचा धंदाच बदललेला असतो. काल त्याला स्वतःच्या हातानं शंभर नग काढायचे होते. आज बारा जणांच्या हातून बाराशे नग काढून घ्यायचे आहेत, आणि तेही कोणाच्या बोटाला इजा न होता. पहिला धंदा शिकायला त्याला आयटीआय, मग अप्रेंटिसशिप आणि मग मशीनवरची कित्येक वर्षं मिळाली. दुसरा शिकायला काय मिळतं? बहुतेक ठिकाणी एक पत्र आणि दोन दिवसांचा वर्ग.

वर्ग वाईट नसतो. पण तो पद मिळाल्यानंतर येतो, आणि तिथंच घोळ होतो. पदाबरोबर सहीचा अधिकार येतो, रजा मंजूर करायचा अधिकार येतो. लोकांचा भरवसा काही त्या पत्रासोबत जोडून येत नाही. तो आधी मिळवलेला असेल तरच कामाला येतो. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते उद्याच्या सुपरवायझरला, म्हणजे आज साध्या जागेवर काम करणाऱ्या माणसाला. तो कारखान्यातला असो, दवाखान्यातल्या वॉर्डातला असो की दुकानाच्या काउंटरवरचा.

जॉबर आणि स्टोअरकीपर

पद आणि भरवसा या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात, हे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

गिरणीत साहेब आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असे. कामगार भरती करायचा तो, काम वाटून द्यायचा तो, रजा द्यायची की नाही ते ठरवायचा तो आणि काढून टाकायचाही तोच. रोज सकाळी दरवाजाशी उभ्या राहिलेल्या बदली कामगारांतून आज कोणाला आत घ्यायचं, हे त्याच्या मर्जीवर असे. नोकरी हवी तर दस्तुरी द्यावी लागे. गावाहून आलेल्या माणसाला खोली, उधारी, कर्ज यासाठीही अनेकदा त्याचंच दार ठोठवावं लागे. अधिकार भरपूर होता, पण तो भीतीवर आणि मिंधेपणावर उभा होता. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालात स्पष्ट शिफारस केली, की कामगार नेमण्याचं आणि काढण्याचं काम जॉबरच्या हातून काढून घ्यावं आणि त्यासाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमावेत. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी या कमिशनचे एक सदस्य होते.

आता दुसरा माणूस पाहा. नारायण मेघाजी लोखंडे. ते एका गिरणीत स्टोअरकीपर होते. साच्यावर किंवा मागावर काम करणाऱ्या कामगारांवर त्यांची कसलीही हुकमत नव्हती. पण लोकांचं ऐकून घ्यायचं, ऐकलेलं नीट लिहून काढायचं आणि ते योग्य जागी मांडायचं, हे त्यांना येत होतं. १८८० पासून ते 'दीनबंधू' हे पत्र चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या अगदी नेमक्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. १८९० मध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवारची पुरवणी निवांत वाचायला मिळते, त्यामागे या स्टोअरकीपरचाही वाटा आहे.

प्रत्येक कामगारानं लोखंडे व्हावं, असं मी म्हणत नाही. सांगायचं इतकंच, की त्यांनी जे केलं त्यासाठी कुठलंही पद लागलं नाही. ऐकणं, लिहिणं, मागणी नेमकी करणं, लोकांना एका ठिकाणी बसवणं, ही सगळी शिकता येणारी कामं आहेत. त्यातली आपल्या रोजच्या जागेवर कोणती शिकता येतात, ते आता पाहू.

पहिला धडा शिकवण्याचा

सुपरवायझरचं निम्मं काम शिकवण्याचं असतं, आणि ते सर्वांत कमी जणांना येतं. काम येणं आणि काम शिकवता येणं यांत फार अंतर आहे. अनेकदा असं दिसतं, की ज्याचा हात सफाईदार त्याला शिकवायला जास्त जड जातं, कारण आपण काय करतो हे त्याला स्वतःलाच जाणवेनासं झालेलं असतं. आई पोळी लाटताना पिठी किती लावते हे तिला विचारा. ती म्हणेल, "लागेल तेवढी."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत कधी मशीन न पाहिलेली लाखो माणसं भरती होऊ लागली. शिकवायला वेळ नव्हता आणि शिकवणारेही नवखे होते. म्हणून १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची सरकारी योजना सुरू झाली. तिच्यातला शिकवण्याविषयीचा वर्ग फक्त १० तासांचा असे. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि एका वर्गात दहाएक माणसं. १९४५ मध्ये योजना संपली तोवर १६ हजारांवर कारखान्यांतल्या १६ लाखांहून अधिक लोकांनी तिची प्रमाणपत्रं घेतली होती. पुढे ही पद्धत जपानमध्ये गेली, टोयोटानं ती उचलली आणि आपल्या कामात मुरवून टाकली.

त्या वर्गातला एक प्रयोग मला फार आवडतो. छताला टांगलेल्या दिव्याचा भार होल्डरच्या स्क्रूवर येऊ नये, म्हणून आतल्या दोन वायरींची एक विशिष्ट गाठ मारतात. शिक्षक आधी ही गाठ नुसती तोंडानं सांगत आणि एकाला मारायला लावत. त्याला जमत नसे. मग एक शब्द न बोलता हातानं गाठ मारून दाखवत आणि दुसऱ्याला बोलावत. त्यालाही जमत नसे. मग तिसऱ्याला रीतसर शिकवत, आणि त्याला गाठ जमे. आपल्याकडे हा प्रयोग फेटा बांधण्यावर करून बघा. मी इथं मायक्रोफोनसमोर बसून तुम्हाला फेटा कसा बांधायचा हे दहा मिनिटं सांगितलं, तरी तुमच्या हातात कापडाचा गोळाच राहील.

रीतसर म्हणजे कसं? चार पायऱ्यांनी. पहिली, माणसाला तयार करणं. त्याची भीती घालवायची, त्याला आधी काय येतं ते विचारायचं आणि आपल्या हाताची हालचाल नीट दिसेल अशा जागी त्याला उभं करायचं. दुसरी, एकेक टप्पा सांगत सांगत दाखवणं. तिसरी, त्याच्याकडून करून घेणं, आणि नुसतं करून नाही तर करता करता त्याच्या तोंडून वदवून घेणं. चौथी, त्याला एकटं सोडणं, पण अडला तर कोणाला विचारायचं ते सांगून, आणि सुरुवातीला वरचेवर पाहून.

आपल्याकडे तिसरी पायरी हमखास गळते. आपण सांगतो, दाखवतो आणि विचारतो, "समजलं का?" नवा मुलगा म्हणतो, "हो." हा 'हो' भिडेपोटी असतो. मोठ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, पहिल्याच दिवशी आपण मठ्ठ कसं ठरायचं, या विचारानं तो मान डोलावतो. म्हणून तो हो म्हणाला यावर थांबायचं नाही. त्यानं करून दाखवलं आणि तसं का करायचं हे सांगितलं, की मग समजलं असं धरायचं.

यासाठी एक साधी सवय सांगतो. आपल्याला येणारं एक काम कागदावर तीन रकान्यांत लिहून काढायचं. टप्पा, त्यातली मुख्य गोष्ट आणि तिचं कारण. ड्रिल मशीनचं उदाहरण घेऊ. जॉब व्हाइसमध्ये घट्ट आवळायचा, हातानं धरायचा नाही, कारण ड्रिल पलीकडे निघताना अडकलं तर जॉब गरगर फिरतो. ड्रिल चकमध्ये आवळलं की चावी लगेच काढून जागेवर ठेवायची, कारण ती राहिली तर मशीन सुरू होताच उडून अंगावर येते. हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाह्या दुमडून घ्यायच्या, कारण फिरतं ड्रिल कापड पकडतं आणि कापडाबरोबर हात ओढून घेतं. कीस काढायचा तो मशीन थांबवून आणि ब्रशनं.

शेवटचा रकाना म्हणजे कारणाचा, आणि तोच आपण गाळतो. "हातमोजे घालू नको" एवढंच सांगितलं तर थंडीच्या दिवसांत नवा हेल्पर हळूच हातमोजे चढवतो. त्याला वाटतं, हा साहेबांचा एक नियम आहे. कारण कळलेला मुलगा दुसऱ्याच्या हातातलेही काढायला लावतो. शेजारच्या मशीनवर उद्या कोणी नवं आलं, तर त्याला असं शिकवायला कुठलीही बढती लागत नाही. आणि त्याची दहाही बोटं शाबूत राहिली, तर त्याच्या घरच्यांवर तुमचे उपकार आहेत, मग त्यांना तुमचं नाव ठाऊक असो वा नसो.

पाळी सोपवताना

दुसरा धडा आपण रोज गिरवतो, पण त्याकडे धडा म्हणून पाहत नाही. पाळी संपल्यावर पुढच्या माणसाला मशीन सोपवणं. बहुतेक ठिकाणी ते असं होतं : "काय रे, ठीक?" "ठीक." की हा निघाला बस पकडायला.

या 'ठीक'ची किंमत काय होऊ शकते, याचं सर्वांत दारुण उदाहरण आपल्यापासून खूप दूरचं आहे. उत्तर समुद्रात स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून आत 'पायपर अल्फा' नावाचा तेल आणि वायू काढणारा फलाट होता. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत तिथल्या एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही, म्हणून त्या जागी नुसती झाकणासारखी चकती बसवून ठेवली. व्हॉल्व्ह जागेवर नाही, ही गोष्ट रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा पहिला पंप सुरू केला. चकतीतून वायू सुटला, स्फोट झाला, आग पसरली. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीनं १९९० मध्ये अहवाल दिला, त्यात पाळी सोपवण्यातल्या आणि कामाच्या परवान्यांच्या पद्धतीतल्या ढिलाईवर कडक ताशेरे आहेत.

आपल्या शॉपमध्ये वायूचे फलाट नसतात. पण प्रेसचा गार्ड साफसफाईसाठी काढलेला असतो, क्रेनचा ब्रेक सरकत असतो, इमर्जन्सी बटण अडकत असतं. दवाखान्यात चार वाजता द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी थांबवलेलं असतं. म्हणून पाळी देताना चार गोष्टी सांगायच्या. काय चालू आहे, काय अर्धवट राहिलं आहे, नेहमीपेक्षा वेगळं काय आहे, आणि कोणाला काय कळवलं आहे. शक्य तर मशीनसमोर उभं राहून सांगायचं आणि वहीत लिहायचं. आणि घेणाऱ्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. सगळं मिळून पाच मिनिटं.

यात पुढारीपणाचा संबंध काय, असं कोणी विचारेल. माझ्या मते मोठा आहे. आपली जबाबदारी भोंगा वाजला की संपत नाही, हे ज्याच्या अंगात मुरलं, त्याला पुढे बारा माणसांची काळजी वाहणं जड जात नाही. शिवाय वही नीट लिहिणाऱ्या माणसाचा शब्द हळूहळू शॉपमध्ये प्रमाण मानला जातो. भांडण झालं की लोक म्हणतात, "त्याच्या वहीत बघा."

कान देणं

तिसरा धडा माणसांचा. अमेरिकेच्या त्याच योजनेत लोकांशी वागण्याविषयी एक वेगळा वर्ग होता, आणि त्याचा सांगावा अगदी साधा होता. आधी सगळी हकिकत गोळा करा, मग तोलून ठरवा, मग पाऊल उचला, आणि नंतर परिणाम झाला का ते पाहा. आपण बहुतेकदा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. हकिकत कळण्याआधीच निकाल तयार असतो.

आमच्याकडे दुसऱ्या पाळीला येणारा एक तरुण कामगार अचानक रोज पंधरा-वीस मिनिटं उशिरा येऊ लागला. "हल्लीची पोरं अशीच," हा निकाल सगळ्यांनी लावून टाकला. मेमोची भाषा सुरू झाली. त्याच्या शेजारच्या मशीनवर एक वयस्क ऑपरेटर होते. त्यांच्याकडे कसलंही पद नव्हतं. त्यांनी चहाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "बाळा, मागच्या महिन्यापर्यंत तू वेळेवर यायचास. मधे काय झालं?" निघालं असं, की त्याच्या गावाहून येणाऱ्या एसटीची वेळ बदलली होती आणि त्याआधीची गाडी तीन तास अगोदरची होती. लाजेनं तो बोलला नव्हता. त्या ऑपरेटरनी पहिल्या पाळीतल्या एकाशी बोलून दोघांच्या पाळ्यांची अदलाबदल सुचवली आणि मग दोघांना घेऊन ते सुपरवायझरकडे गेले. परवानगी मिळाली आणि प्रश्न मिटला. पुढे पंधरा दिवसांनी त्यांनी त्या मुलाला पुन्हा विचारलं, "आता जमतंय ना?" हा शेवटचा प्रश्न मला विशेष वाटतो, कारण बहुतेक जण तोडगा काढून विसरून जातात.

या माणसाला पुढे बढती मिळाली तेव्हा काल खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्यांचा साहेब होण्यात त्यांना अडचण आली नाही. कालच्या मित्रांवर आज हुकूम कसा चालवायचा, ही नव्या सुपरवायझरची सर्वांत मोठी धास्ती असते. तिचं उत्तर बढतीनंतर शोधायला उशीर झालेला असतो. आधीपासून कोणाच्या मागे कोणाची कुचेष्टा केली नसेल, घाणेरडं काम आपल्याही वाट्याला घेतलं असेल, दिलेला शब्द पाळला असेल, तर तुमचा 'नाही' हा शब्दही लोक ऐकून घेतात.

सरावाच्या जागा

आता प्रश्न येतो सभा चालवण्याचा आणि हिशेबाचा. त्याचा सराव कुठं करायचा? अनेक कारखान्यांत क्वालिटी सर्कल असतात. जपानमध्ये १९६२ मध्ये सुरू झालेली ही कल्पना १९८० मध्ये हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम इथल्या 'भेल'च्या कारखान्यातून भारतात आली. एकाच ठिकाणी काम करणारी सहा ते दहा माणसं ठरावीक वेळी तासभर बसतात आणि आपल्याच कामातली एखादी अडचण सोडवतात. इथं चहा-बिस्किटासाठी जाऊन बसणारेही असतात. पण ज्याला शिकायचं आहे त्यानं टिपणं लिहिण्याचं काम मागून घ्यावं. चर्चेतून निर्णय कसा निघतो, कोण बोलत नाही, कोण फार बोलतं, हे सगळं टिपणं लिहिणाऱ्याला आपोआप दिसू लागतं. निर्णय लिहिताना कोण करणार आणि कधीपर्यंत, हे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. नाही तर पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा येतो.

कारखान्याबाहेरही शाळा आहेतच. महिलांचा बचत गट घ्या. दहा ते वीस जणी, दर महिन्याची बैठक, प्रत्येकीचं पासबुक, कर्ज कोणाला आधी द्यायचं याचा सर्वांसमक्ष निर्णय. १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला, त्यातून पुढे हे काम देशभर पसरलं. गटाच्या सचिव किंवा खजिनदार झालेल्या बाया जुळणीच्या लाइनवर कामाला येतात, तेव्हा त्यांच्यातला फरक मी पाहिला आहे. चार जणींत वाद झाला तर त्या आवाज चढवत नाहीत, वही काढतात. आमच्या प्रशिक्षण विभागात मी उमेदवाराला पहिला प्रश्न 'बाहेर काय करता?' हाच विचारत असे. गणेश मंडळाची वर्गणी गोळा करून, विसर्जनानंतर आठवड्याच्या आत पै-पैचा हिशेब फळ्यावर लावणारा मुलगा भेटला, की मी त्याच्या नावापुढे खूण करून ठेवत असे.

हद्द ओळखून

इथं दोन इशारे दिले पाहिजेत. पहिला उमेदवाराला. पद मिळण्याआधी पुढारीपण शिकणं म्हणजे पद मिळण्याआधी साहेबी गाजवणं नव्हे. शेजाऱ्याच्या चुका वर जाऊन सांगणारा, न मिळालेली शिट्टी फुंकत फिरणारा माणूस लोकांच्या मनातून उतरतो आणि मग बढती मिळूनही त्याचा उपयोग होत नाही. नव्याला शिकवायचं असेल तर आधी सुपरवायझरच्या कानावर घालावं. ज्या कागदावर सही करायचा आपल्याला अधिकार नाही, त्यावर कोणी कितीही गळ घातली तरी सही करू नये.

दुसरा इशारा व्यवस्थापनाला. 'लीड', 'सीनिअर', 'टीम मेंबर' अशी छान नावं देऊन माणसाकडून वर्षानुवर्षं सुपरवायझरचं काम करून घ्यायचं आणि पगार मात्र जुनाच द्यायचा, ही रीत आता बऱ्याच ठिकाणी पडली आहे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर ती उघडच दिसते. शिकण्याची संधी आणि फुकटची राबणूक यांत फरक आहे. संधीला मुदत असते, तिच्यात शिकवणारं कोणी असतं आणि शेवटी काय मिळणार हे आधी सांगितलेलं असतं. यातलं काहीच नसेल तर कामगारानं ते स्पष्टपणे आणि लेखी विचारावं. असं विचारणं हेही पुढारीपणाचंच काम आहे.

आज जे सुपरवायझर आहेत त्यांनाही एक विनंती. रजेवर जाताना आपल्या जागेवर एकाला बसवून जा. काय करायचं याची यादी द्या, कोणते निर्णय त्यानं घ्यायचे आणि कोणते तुम्हाला विचारायचे ते ठरवून द्या, आणि मग दर तासाला फोन करू नका. परत आल्यावर अर्धा तास बसून काय जमलं, काय अडलं ते बोला. खालचा माणूस तयार झाला तर आपली खुर्ची जाईल, ही भीती अनेकांना असते. मी मात्र उलटंच पाहिलं आहे. ज्याच्या हाताखाली तयार माणूस नव्हता, त्यालाच वरच्या जागेवर जाता आलं नाही, कारण त्याची जागा सांभाळणारं कोणी नव्हतं.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, एवढं कधी करायचं? एकदम करायचंच नाही. पहिल्या महिन्यात आपलं एक काम तीन रकान्यांत लिहून काढा आणि एका नव्या माणसाला चार पायऱ्यांनी शिकवा. दुसऱ्या महिन्यात पाळी देताना ती चार वाक्यं रोज बोला. तिसऱ्या महिन्यात एका अबोल सहकाऱ्याची हकिकत मधे न बोलता ऐका. मग आपला सुपरवायझर रजेवर असेल त्या दिवशी जरा लक्ष ठेवा. अडचण आली की लोक कोणाकडे जातात? ते तुमच्याकडे येऊ लागले असतील, तर बढतीच्या यादीत नाव यंदा लागलं किंवा पुढच्या वर्षी लागलं, तरी तुमची तयारी सुरू झालेली आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)